घरी एकटा राहण्यास योग्य

३ फेब्रुवारी, सोमवार

नवीन रजिस्टर सुरू. जुन्यात अकरा महिन्यांच्या नोंदी आहेत, पण अक्षर तिरपं आणि एकच मंगळवार चार पानांवर चारदा लिहिलेला. ते रजिस्टर बाद. हे मी सोडून कुणी वाचायचं नाही.

सद्यस्थिती थोडक्यात. मी फॅक्टरीच्या गोदामात बावीस वर्षं स्टोअरकीपर. माझ्या हातून एक वॉशर इकडचा तिकडे झाला नाही. मग वरच्या फळीवरची पेटी डोक्यावर आली. एवढी जड पेटी एवढ्या वर कुणी चढवली याची चौकशी झाली, तेव्हा कागदावर सही माझीच निघाली. असो.

डोकं आता नव्वद टक्के ठीक आहे. ही पासष्ट म्हणते. ही म्हणजे बायको. पाणीखात्यात नकाशे काढते. तिला इंच कळतात, टक्के कळत नाहीत.

हिची बिनपगारी रजा २८ तारखेला संपते. ३ मार्चला हजर झाली नाही तर तिची जागा दुसऱ्याला देणार. ती हजर व्हायची तर मला केंद्राचा दाखला पाहिजे, ‘घरी एकटा राहण्यास योग्य’. घरात आई आहे, पण ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वॉकर घेऊन चालते. केंद्राच्या मते तिला मी सांभाळायचं, तिनं मला नाही. मला तर हे लहानपणापासूनच असं वाटतं.

संकल्प : महिनाअखेर दाखला. अवघड काहीच नाही. फक्त डोळ्यांत तेल घालून राहायचं.

५ फेब्रुवारी, बुधवार

केंद्रात गेलो. (सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते एक. बस डेपोच्या मागचा हॉल. डोक्याला मार लागलेली आम्ही चौदा माणसं. कपाटांच्या दारांवर आत काय आहे त्याचे फोटो चिकटवलेत. मी सुचवलं की फोटोंना नंबर द्या. हसले.)

आज वासाची टेस्ट. सहा बाटल्या, आत कापसाचे बोळे. हुंगून ओळखायचं. सहापैकी सहा!

थेरपिस्टबाई बाटल्या भरत होत्या तेव्हा मी गेल्या आठवड्यात सहज उभा होतो. हिरवी टोपी पुदिना, तपकिरी कॉफी, पिवळी लिंबू, पांढरी साबण, लाल लवंग, काळी गॅस. बावीस वर्षांची सवय, एकदा पाहिलं की डोक्यात जातं. ही कॉपी नव्हे. वस्तू ओळखायला सांगितल्या, वस्तू ओळखल्या. नाकानं की डोळ्यांनी, हा तांत्रिक मुद्दा झाला. शिवाय मला सर्दी आहे. जरा लांबलीय. अकरा महिने.

तिथे एक निळं हेल्मेट घालून फिरणारी मुलगी आहे. कवटीचं ऑपरेशन बाकी आहे म्हणून हेल्मेट. मनात आलं की तोंडातून बाहेर, मध्ये गाळणी नाहीच. हा दुखापतीचा भाग असं केंद्र म्हणतं. मी म्हणतो घरचं वळण. काका टोप्या बघून सांगतायत, असं तिनं सगळ्यांदेखत जाहीर केलं. थेरपिस्टबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टोप्यांकडे, आणि पुढच्या वेळी सगळ्या टोप्या एका रंगाच्या आणू म्हणाल्या. खुशाल आणा. पुढची टेस्ट एप्रिलमध्ये आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

केंद्रात किचन ग्रुप. शेगडी विजेची. दहा मिनिटांनी आपोआप बंद होते. म्हणजे माणसांवर भरवसाच नाही! मी माझ्याकडे देखरेख घेतली. कुणी दिली नव्हती, पण कुणीतरी घ्यायला हवी.

दूध चांगलं आहे का, हे मी बरोबरसाहेबांना विचारून घेतलं. ते पूर्वी स्टेशनमास्तर. अपघातानंतर त्यांच्याकडे एकच शब्द उरलाय, ‘बरोबर’. पण माणूस अनुभवी आहे. पातेलं नाकाशी धरलं, तोंड वाकडं केलं आणि बरोबर म्हणाले. मी चौदा जणांचा चहा टाकला. फुटला. मी प्यायलो, मला तर काही वाटलं नाही. बाकीचे उगाच नाकं मुरडत बसले.

मी बरोबरसाहेबांना झापणार होतो, तर थेरपिस्टबाईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘माणसावर रागावू नका, व्यवस्था बदला.’ म्हणजे एखादा गोळ्या विसरत असेल तर त्याच्यावर ओरडायचं नाही, गोळ्यांची डबी टूथब्रशशेजारी ठेवायची. बाई नेमकं बोलल्या. हेच मी गोदामात बावीस वर्षं सांगत होतो. हे वाक्य मी आता सोडणार नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार. दिवस पहिला

दहा दिवसांचा तक्ता मिळाला. रोज दुपारी दोन ते पाच ही घराबाहेर जाणार आणि मी घर सांभाळणार. चार रकाने आहेत, गॅस, नळ, दार, गोळ्या. सगळं नीट झालं की खूण करायची आणि शेजारी घरातल्या मोठ्या माणसाची साक्षीदार म्हणून सही. ही तर घरात नसणार. म्हणजे साक्षीदार आई. आईपेक्षा मोठं माणूस घरात कोण आहे!

थेरपिस्टबाईंनी विचारलं, आई काही मदत तर करणार नाहीत ना? मी म्हटलं, तिला स्वतःचा चष्मा सापडत नाही, मला काय मदत करणार.

ही ऑफिसात नवं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर शिकायला जातेय. जाताना केस दोनदा विंचरले. अकरा महिन्यांनी तिला आरशासमोर बघितलं. नवी पर्स घेतलीय, खांद्याला अडकवून ती दारापर्यंत गेली आणि परत येऊन उगीचच चावी बघून गेली. मला बरं वाटलं. हे तिला सांगितलं नाही.

चारही रकाने पास. आईनं सही करताना माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मग केली. सही रेघेच्या बाहेर गेली. वय.

११ फेब्रुवारी, मंगळवार. दिवस दुसरा

अडीचला चहा ठेवला. मध्ये नळाची खात्री करायला गेलो, मग दाराची, मग पुन्हा नळाची. परत येतो तर पातेल्यात पाणी थंडगार आणि गॅसचं बटण बंद. म्हणजे चहा मी ठेवलाच नव्हता, ठेवायचं नुसतं ठरवलं होतं. विचार कृतीच्या पुढे धावतोय. मेंदूचा वेग वाढल्याचं लक्षण.

आई स्वयंपाकघरातून बाहेर येताना दिसली. पाणी प्यायला गेले होते म्हणाली.

पास.

१२ फेब्रुवारी, बुधवार. दिवस तिसरा

पुन्हा तसंच. दूध तापवायचं ठरवलं, प्रत्यक्षात ठेवलं नाही. बटण बंद. हे माझ्यातलं नवं शिस्तीचं अंग आहे. आतूनच कुणीतरी सावध करतं.

आई तीन तासांत पाच वेळा पाण्याला उठली. वॉकरचं ठक ठक ठक ऐकून कान किटले. खिडक्याही उघडत सुटते. फेब्रुवारीतला वारा अंगावर घेऊन आजारी पडेल आणि खापर माझ्यावर फुटेल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दिवस चौथा

आईचं डोकं दुखतंय म्हणे. कालही दुखत होतं. सकाळी नसतं, दुपारी सुरू होतं, ही आली की जातं. मी काय समजायचं ते समजलो. सुनेच्या सहवासाची ओढ. गोळी दिली, चादर घातली. जरा डोळा लागतोय तोवर दचकून उठली आणि निघाली स्वयंपाकघराकडे. वॉकरसुद्धा न घेता, भिंतीला धरून.

मी म्हटलं, आई, एवढं पाणी चांगलं नाही. ती म्हणाली, तू तुझ्या खुणा कर.

पास.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. दिवस पाचवा

केंद्रात आतापर्यंतचा तक्ता दाखवला. चार दिवस, सोळा खुणा, एकही फुली नाही. थेरपिस्टबाईंनी पाठ थोपटली. मी म्हटलं, घरच्या गॅसवर मी एकदाही चूक केलेली नाही. जेव्हा जेव्हा तपासलं तेव्हा बटण बंदच.

हेल्मेटनं विचारलं, काका, बटण बंद असतं, मग चहा होतो कधी?

काहीही विचारते. चर्चा दुसरीकडे नेली. बरोबरसाहेबांना तक्ता दाखवला. ते म्हणाले, बरोबर. अनुभवी माणसाची पोचपावती वेगळीच.

१७ फेब्रुवारी, सोमवार. दिवस सहावा

आईच्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर. आज आठ फेऱ्या. फेऱ्या मोजण्यात माझे नळ आणि दार राहून जाणार होते.

तिच्यावर रागावलो नाही. व्यवस्था बदलली. तिच्या उशाशी मोठा जग भरून ठेवला, शेजारी पेला, त्यावर झाकणी. आता उठायची गरजच नाही! आई जगाकडे बघत बसली. मग माझ्याकडे. मग म्हणाली, मला जरा पाय मोकळे करायला आवडतात. अकरा महिन्यांत कधी आवडले नव्हते.

पाच मिनिटांत पुन्हा ठक ठक. जग भरलेला तसाच.

पास.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. दिवस सातवा

ही खूश आहे. सॉफ्टवेअर जमलं. रात्रीच्या जेवणाला साहेबांची नक्कल केली. आईही हसली, पण हसताना एकदा कपाळ दाबलं. हिनं विचारलं तर काही नाही म्हणाली.

मी म्हटलं, माझ्या देखरेखीखाली आईची दुपारची झोप वाढलीय. बसल्या जागी मान खाली घालते. हिला आनंद झाला असावा, कारण तिनं हातातला घास ताटात परत ठेवला.

१९ फेब्रुवारी, बुधवार. दिवस आठवा

ही पाचला आली आणि उंबऱ्यातच थांबली. कसला वास येतोय, म्हणाली. मी म्हटलं कसला? ती आत येणार तेवढ्यात खोलीतून आईच ओरडली, अगं मीच गुडघ्याला ते उग्र तेल चोळलंय. मी लगेच दुजोरा दिला, हो हो, मलाही मघापासून येतोय. ही माझ्याकडे बघतच राहिली. डोळे भरून आले तिचे. तुला येतोय वास? म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे काय, स्पष्ट. तिनं माझा हात धरला. मग मी तरी आणखी काय बोलणार.

तेलाची बाटली मला कुठे दिसली नाही. पण आई म्हणते म्हणजे असेल.

पास. दोनच राहिले.

२० फेब्रुवारी, गुरुवार. दिवस नववा

आई पडली. बोळात, वॉकरशिवाय, घाईघाईनं जाताना. एवढी घाई कशाची? जग भरलेला होता! मी धावत गेलो आणि उठवायला लागलो, तर म्हणाली आधी आत जा, स्वयंपाकघरात जा. दुखतंय स्वतःला आणि काळजी स्वयंपाकघराची. मी म्हटलं तू गप्प पड. तर ती गुडघ्यावर रांगत गेली. या वयात! ओट्याला धरून उठली, काहीतरी केलं, आणि तिथेच बसून रडायला लागली. दुखत असणार.

ही आली, डॉक्टर आले. गुडघा सुजलाय, हाड शाबूत आहे. तीन दिवस पाय टेकवायचा नाही.

हिला वाटलं उद्या घरी थांबावं. आईनंच नको म्हटलं. एकच दिवस राहिलाय, त्याचा तक्ता पूर्ण होऊ दे, म्हणाली.

तिला पाय टेकवू द्यायचा नाही आणि ती तर ऐकणार नाही. सांगून उपयोग नाही, रागावून उपयोग नाही. जेवताना पाटी आठवली. डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दिवस दहावा

दु. १.५५. ही गेली. जिना उतरताना गुणगुणत होती.

२.०५. आईच्या खोलीत जग, पेला, बिस्किटं, भांडं, सगळी तयारी. मग दार ओढून बाहेरून कडी लावली. तिनं कडीचा आवाज ऐकला आणि हाक मारली. मी दाराशी तोंड नेऊन समजावलं की तीन दिवसांचा प्रश्न आहे, पायाला आराम. नको रे, म्हणाली. दार उघडं ठेव, मी उठणार नाही, शपथ. तिच्या शपथा मला माहीत आहेत.

२.२०. चहा ठेवला. नळ तपासला, दार तपासलं. आता बाल्कनीच्या दारात खुर्ची टाकून बसलोय. ऊन छान आहे. दहा दिवसांत पहिल्यांदा घरात शांतता. ठक ठक नाही. हे आधीच करायला हवं होतं.

२.३५. आई दार वाजवतेय.

२.४०. अजून वाजवतेय. हाकाही मारतेय, माझ्या लहानपणच्या नावानं. जावंसं वाटलं. पण आज गेलो की उद्या पुन्हा तेच. नवी व्यवस्था अंगवळणी पडायला वेळ लागतो, असं थेरपिस्टबाई म्हणतात.

२.५०. वॉकर उचलून दारावर मारतेय! ताकद बघा. सुजल्या पायावर उभी असणार. शेजारीपाजारी काय म्हणतील? मी इथूनच ओरडलो, आई, तुझ्याच भल्यासाठी आहे. गॅस गॅस करतेय. पोटात गॅस झाला असणार, सकाळी डाळ जड होती. ही आली की ओवा देईल.

३.००. थांबली. लागते सवय. फक्त खंबीर राहावं लागतं.

३.०५. तक्त्यावर दहावी ओळ भरली. चार खुणा. आईची सही तेवढी बाकी, उठली की घेतो. दाखला पदरात पडल्यातच जमा. माझं डोकं जरा जड झालंय, आनंदानं. चहा बघायला उठायचं होतं. पण ठेवला होता की ठरवला होता? आजवरचा अनुभव बघता ठरवलाच असणार.

३.१०. कुणीतरी दार बडवतंय. बाहेरचं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस नोंद नाही.

वरच्या मजल्यावरचे वकील होते. तोंडाला रुमाल, पायात नुसते मोजे. मला ढकलून आत घुसले. गॅस, गॅस, असं ओरडत होते. मी म्हटलं वारा खेळता करू या, आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला. त्यांनी त्या हातावर अशी चापट मारली की अजून वळ आहे. तेव्हा राग आला होता. नंतर त्यांनी समजावून सांगितलं की बटणाची ठिणगी पडली असती तर काय झालं असतं. त्या रात्री जेवण गेलं नाही.

ते स्वयंपाकघरात गेले, बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या. तिकडून ओरडून विचारलं, घरात आणखी कोण आहे? मी पळत जाऊन आईच्या खोलीची कडी काढली. ते पाठमोरे होते. कडी कुणी पाहिली नाही.

दार उघडेना. आतून काहीतरी अडकलं होतं. आईनं जगातल्या पाण्यात चादर भिजवून दाराच्या फटीत कोंबली होती, आणि स्वतः फरशीवर पडून गजांच्या खिडकीशी तोंड लावलं होतं. शुद्धीवर होती. आवाज पूर्ण गेला होता.

एक रात्र दवाखान्यात ठेवलं. ऑक्सिजन लावला. आता धोका नाही.

डॉक्टरांनी, वकिलांनी, हिनं, सगळ्यांनी विचारलं काय झालं. मी तोंड उघडायच्या आत आई घोगऱ्या आवाजात म्हणाली, मीच दूध ठेवलं आणि विसरले. तिघांनी माना हलवल्या. वय झालं.

मीही मान हलवली. आता स्वतः साक्षीदारच असं म्हणते तर वाद कशाला घालायचा? दहा दिवस एकही फुली नसलेला माणूस एकाएकी चूक कशी करेल?

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आईला वृद्धाश्रमात ठेवायचं ठरतंय. ही दिवसभर फोनवर होती. गॅस उघडा टाकणारं माणूस घरात कसं ठेवायचं, आणि तेही माझ्या जिवावर. १ तारखेपासून एक खाट मोकळी होतेय. खोलीत आणखी तिघी. फोन ठेवून ही मोरीत जाऊन रडली. नळ सोडला होता, तरी कळलं.

आई म्हणाली, जाईन की. तिथे सगळं जागेवर मिळतं. मला तर उलट बरं.

तिनं स्वतःची पिशवी भरायला घेतली. तीन लुगडी, चष्मा, गोळ्या. मी पिशवी धरून उभा होतो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

दाखला मिळाला. शिक्का, सही, सगळं. ‘घरी एकटा राहण्यास योग्य.’ टाळ्या वाजल्या. थेरपिस्टबाई म्हणाल्या, आईंचं वाईट वाटतं, पण तुमची मेहनत वाया जायला नको.

छाती फुगायला हवी होती. दाखला घाईनं घडी घालून खिशात टाकला. शिक्का पुसेल म्हणून.

चहाच्या सुट्टीत बरोबरसाहेबांना कोपऱ्यात घेतलं. विचारलं, झालं गेलं, आता गप्प बसलेलं चांगलं ना? म्हणाले, बरोबर. मी निघालो. पुन्हा मागे फिरून विचारलं, की सांगून टाकावं? म्हणाले, बरोबर. दोन्ही वेळा डोळ्यांत तसंच पाणी होतं. या माणसावर मी दूध सोपवलं होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गोदामात काही घडलं की मी अहवाल लिहायचो. कोण, कुठे, किती वाजता. भावना नाहीत. तसा लिहितो.

२.०५. आई खोलीत. कडी बाहेरून. लावणारा मी.
२.२०. चहा ठेवला. ठेवणारा मी.
३.१०. वकील आले. नंतर कडी काढली. काढणारा मी.

आईनं दूध कधी ठेवलं?

तीन वेळा लिहून पाहिलं. बसत नाही. २.०५ ते ३.१० मध्ये आईला बाहेर काढायला जागाच नाही. मागचे दिवसही काढले. दिवस दुसरा, तिसरा, चौथा. थंड पाणी, बंद बटण, आईचं पाणी पिणं. गॅस पेटवल्याची नोंद कुठेच नाही. सगळं माझ्याच अक्षरात आहे.

आईकडे गेलो. विचारलं. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. तशीच म्हणाली, रोज करत होते बंद. एकदाच जमलं नाही. मी म्हटलं, मग कुणाला सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, सुनेनं अकरा महिन्यांत पहिल्यांदा केस विंचरले. तू गप्प बस. मी आता किती दिवसांची. तिला कामावर जाऊ दे.

पाय चेपू का विचारलं. चेप म्हणाली. गुडघा अजून निळा आहे.

ही तिकडे सोमवारची साडी इस्त्री करत होती.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं. सकाळी थेरपिस्टबाईंना, दुपारी हिला. चहा मी ठेवला. कडी मी लावली. वास येत नाही. कधीच येत नव्हता. सर्दी नाही. थेरपिस्टबाईंना हे रजिस्टरही वाचायला दिलं.

थेरपिस्टबाई ओरडल्या नाहीत. दाखला परत घेतला. शेगडी बदलता येईल, म्हणाल्या. वास येत नाही हे माहीत असेल तर त्यावरही उपाय आहेत. पण आई दार ठोकत होत्या आणि तुम्ही लिहीत बसलात, त्याचं काय करायचं, हे शोधायला वेळ लागेल. निदान सहा महिने. सगळं पहिल्यापासून.

वृद्धाश्रमातली खाट रद्द. पिशवी मी रिकामी केली. आई माझ्याशी बोलत नाही. घसा बरा झालाय तरी बोलत नाही. हिला म्हणाली, एवढं केलं मी, आणि ह्यानं एका वाक्यात घालवलं.

हिनं सगळं ऐकून घेतलं, नवी पर्स कपाटाच्या वर टाकली आणि फोन घेऊन बाल्कनीत गेली. दार ओढून घेतलं. सोमवारी येता येणार नाही, म्हणाली. मग म्हणाली, नाही साहेब, नंतरही नाही, भरून टाका जागा. मग बराच वेळ नुसतं हो, हो.

दार बंद होतं, तरी मला शब्द न् शब्द ऐकू आला. कान माझे चांगले आहेत. त्या शुक्रवारीही चांगलेच होते.